बीजिंगच्या समर पॅलेसमध्ये पॅलेस शोधू नका, आधी पाणी बघा

भारत आणि चीनमधली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून बीजिंगचे फोटो, रील परत दिसायला लागलेत. त्यात समर पॅलेस असतोच असतो. आणि त्याखाली कुणीतरी हमखास विचारतं, "अहो पॅलेस कुठाय यात? हे तर तळं आहे, बोटी आहेत, पलीकडे एक टेकडी आहे." हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं नीट उत्तर सहसा कुणी देत नाही. गाईड सांगतो की महाराणी इथे राहायची, अमुक दालन, तमुक सिंहासन, चला पुढे. मग लोक दोन-तीन तास पाय दुखेपर्यंत चालतात आणि "छान होतं पण खूप मोठं होतं" म्हणत परत येतात.

या जागेची जवळजवळ पाऊण जमीन पाणी आहे, साधारण २९० हेक्टरमधलं सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे राजाने महाल बांधला आणि शोभेला तळं केलं असं इथे झालेलं नाही, उलटं झालंय, आधी पाण्याचं काम झालं आणि त्याच्या काठाने बाग उभी राहिली. हे एकदा कळलं ना की सगळी जागा उलगडते, म्हणून आपणही पाण्यापासूनच सुरुवात करू.

पण त्याआधी नावाचा घोळ

समर पॅलेस हे नाव परदेशी लोकांनी दिलेलं. चिनी नावात उन्हाळाही नाही आणि महालही नाही. चिनी नाव आहे यीहेयुआन, त्यातलं युआन म्हणजे बाग, आणि आधीच्या दोन अक्षरांचा अर्थ साधारण "मनशांती जपायची, निवांत म्हातारपण काढायची" असा. हे नाव १८८८ चं आहे. त्याआधी, म्हणजे १७५० मध्ये काम सुरू झालं तेव्हा, हिचं नाव होतं छिंगयीयुआन, स्वच्छ लहरींची बाग.

घोळ असा की समर पॅलेस दोन आहेत. शेजारीच युआनमिंगयुआन नावाची दुसरी प्रचंड शाही बाग होती, तिला जुना समर पॅलेस म्हणतात आणि आज तिथे मुख्यतः पडके अवशेष आहेत. तुटलेल्या संगमरवरी खांबांचा जो फोटो सगळीकडे फिरतो तो तिथला. प्राण्यांच्या ब्राँझच्या मुंडक्यांवरून २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात वाद झाला होता, तीही तिथलीच. तळं, टेकडी आणि लांबलचक कमानींचा पूल दिसला तर ती आपली यीहेयुआन. १८६० मध्ये दोन्ही जाळल्या गेल्या, एक परत बांधली गेली आणि एक नाही. त्यावर येऊच.

तळं नैसर्गिक नाही, टेकडीही पूर्ण नैसर्गिक नाही

आपल्याकडे शेततळं कसं करतात बघा. जेसीबी लावून खड्डा खणतात आणि निघालेली माती चारी बाजूंनी बांधावर टाकतात, म्हणजे एका कामात दोन कामं, खड्डा खोल होतो आणि बांध उंच. यीहेयुआनमध्ये हेच केलंय, फक्त राजाच्या मापाने आणि जेसीबीशिवाय, माणसांनी, टोपल्यांनी.

इथे आधी एक लहानसं दलदलीचं तळं होतं आणि एक ओबडधोबड टेकडी होती. अडचण ही की तळं टेकडीच्या नैऋत्येला, दोघांचं काही जुळत नव्हतं. छिंग घराण्याचा सम्राट चियानलोंग (हा १७३५ पासून साठ वर्षं गादीवर होता) याने तळं पूर्वेकडे वाढवलं, खोल केलं, पूर्वेला मजबूत बांध घातला आणि निघालेल्या मातीने टेकडीला आकार दिला. आता टेकडी बरोबर पाण्यासमोर तोंड करून उभी आहे. उंची फक्त साठेक मीटर, आपल्या पुण्याच्या पर्वतीएवढी म्हणा, पण समोर सपाट पाणी असल्यामुळे ती आहे त्याहून खूप मोठी वाटते.

एक तपशील मला फार आवडतो. तळ्यात जे दक्षिण बेट आहे, सतरा कमानींचा पूल ज्याला जातो ते, ते बेट कुणी पाण्यात भर टाकून केलेलं नाही. तिथे जुन्या काठावर पाण्याच्या नाग-देवतेचं देऊळ होतं. काठ खणत खणत तळं पूर्वेला नेलं तेव्हा देवळाखालची जमीन तेवढी सोडली आणि तिच्या चारी बाजूंनी पाणी आलं, झालं बेट. धरणाच्या पाण्यात एखादं देऊळ उरलेलं आपण बघतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथे ते ठरवून ठेवलं.

राजाला एवढं पाणी कशाला हवं होतं

बीजिंग कोरडं शहर आहे. पाऊस कमी, आणि जो पडतो त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये. त्यात ही राजधानी, लाखो तोंडं, आणि धान्य यायचं दक्षिणेतून, हजारभर किलोमीटरहून लांब, मोठ्या कालव्यातून बोटींनी. कालव्याचं शेवटचं टोक शहरापर्यंत भरलेलं ठेवायला पाणी लागतं. ते कुठून आणायचं? पश्चिमेच्या डोंगरांतून, झऱ्यांतून.

हे काम चियानलोंगच्याही साडेचारशे वर्षं आधी सुरू झालं होतं. कुबलाई खानाच्या काळात, १२९० च्या दशकात, ग्वो शौजिंग नावाच्या अभियंत्याने लांबच्या झऱ्यांचं पाणी डोंगराच्या पायथ्याने वळवत वळवत या तळ्यात आणलं आणि तिथून शहराच्या कालव्यात सोडलं. नुसत्या उताराच्या हिशोबावर. मधल्या शतकांत ती व्यवस्था गाळाने भरली, मोडली. चियानलोंगने १७४९ च्या सुमाराला ती परत हातात घेतली, तळं म्हणजे साठवण टाकी, बांधाला दारं, पावसाळ्यात भरायचं, गरज पडेल तसं खाली सोडायचं, आणि आजूबाजूच्या भातशेतीलाही द्यायचं. साधारण याच दशकात नानासाहेब पेशवे कात्रजच्या तलावातून नळाने पुण्यात पाणी आणत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण राजधानी वाढली की पाण्याचा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो.

पुढची गंमत अशी की १७५१ मध्ये सम्राटाच्या आईची साठी होती. टेकडीचं नाव बदलून वानशौ शान ठेवलं, म्हणजे दीर्घायुष्याची टेकडी, तिथे आईसाठी मोठं देऊळ बांधायला घेतलं, आणि तळ्याचं नाव ठेवलं कुनमिंग. कुनमिंग हे नाव जुन्या हान काळातल्या एका तलावाचं, जिथे सम्राट वू आरमाराचा सराव करून घ्यायचा. चियानलोंगनेही या तळ्यावर नौदलाच्या कवायती घेतल्या. तळं फार खोल नाही, सरासरी दीडेक मीटर, म्हणजे समुद्रावरच्या लढाईचा तो सराव नव्हे, पण नाव आणि निमित्त दोन्ही पक्कं झालं. हे आरमाराचं निमित्त लक्षात ठेवा, सव्वाशेहून जास्त वर्षांनी ते परत येणार आहे.

म्हणजे पाण्याचं काम हा नुसता बहाणा होता?

शंका रास्त आहे, आणि ती सगळ्यात आधी खुद्द सम्राटालाच आली होती! शेजारची युआनमिंगयुआन वाढवून झाल्यावर त्याने जाहीर लिहून ठेवलं होतं की आता यापुढे नवीन बाग नाही, लोकांचा पैसा आणि श्रम वाया घालवणार नाही. आणि काही वर्षांत ही. मग या बागेवर लिहिलेल्या लेखात तो स्वतःच विचारतो की हा शब्द फिरवणं नाही तर काय आहे? आणि पुढे म्हणतो की मी पाण्याच्या नियोजनासाठी केलं असं सांगेन, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार. आपली बाजू मांडताना तो असंही सांगतो की मी इथे सकाळी येतो आणि दुपारी परत जातो, रात्री कधी राहिलो नाही.

मला वाटतं दोन्ही खरं आहे. पाण्याची गरज खरी होती, बांध आणि दारं खरी होती, आणि सुंदर काहीतरी करायची हौसही खरी होती. एकाने दुसऱ्याला पैसे आणि परवानगी मिळवून दिली. आणि रात्री न राहण्याच्या त्या वाक्यात आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, मूळ बागेत राजवाडा नव्हता कारण तिथे राजा राहतच नव्हता. तो शेजारच्या युआनमिंगयुआनमध्ये राहायचा. इथे तो बोटीतून फिरायला, देवळात, कविता करायला यायचा. राहायची दालनं सव्वाशेहून जास्त वर्षांनी झाली.

प्रतिपंढरपूर माहितीय ना, तसं

चियानलोंग दक्षिणेच्या दौऱ्यांवर गेला तेव्हा हांगचौ शहराचा पश्चिम तलाव बघून वेडावला होता. उत्तरेच्या कोरड्या मैदानातल्या माणसाला तिथलं धुकं, पाण्यातून जाणारा बांध, विलो झाडं आवडणारच. तर कुनमिंग तळ्यात पश्चिमेला जो लांब बांध आहे सहा पुलांचा, तो हांगचौच्या सहा पुलांच्या बांधाची आठवण म्हणून. टेकडीच्या ईशान्येला एक छोटी बंदिस्त बाग आहे ती वूशी गावातल्या एका खासगी बागेवरून. टेकडीच्या मागे कालव्याच्या दोन्ही बाजूला दुकानांची गल्ली आहे ती दक्षिणेतल्या सूचौ शहरासारखी. आणि तळ्यात तीन मोठी बेटं, कारण जुन्या चिनी कथांमध्ये पूर्वेच्या समुद्रात अमर लोकांची तीन बेटं होती.

मग ही कॉपी झाली ना? आपल्याकडे गावोगाव प्रतिपंढरपूर, प्रतिशिर्डी असतात. तिथे जाणाऱ्याला कुणी म्हणत नाही की तुम्ही नकली ठिकाणी गेलात. ज्याला मूळ ठिकाणी जाता येत नाही त्याच्यासाठी ते ठिकाण जवळ आणलेलं असतं, आणि तरी ते त्या गावचंच असतं. चिनी बागांमध्ये हीच रीत होती, आवडलेल्या जागेचं माप जसंच्या तसं न उचलता तिचा भाव उचलायचा आणि आपल्या जमिनीवर बसवायचा. म्हणून हांगचौच्या बांधाची आठवण असली तरी इथल्या बांधावर उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

उधार घेतलेला डोंगर

इथे एकच तांत्रिक शब्द सांगतो कारण तो कळल्याशिवाय ही बाग कळत नाही. जिएजिंग. जिए म्हणजे उसनं घेणं आणि जिंग म्हणजे देखावा, तर उसना देखावा. आपल्याकडे फ्लॅटच्या जाहिरातीत "सिंहगड व्ह्यू" लिहितात आणि त्याचे पैसे जास्त लावतात, सिंहगड काही बिल्डरचा नसतो पण खिडकी अशी ठेवलेली असते की तो तुमच्या हॉलमधला वाटावा. अगदी हेच, पण खूप विचारपूर्वक.

पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेला बघितलं की तळं, मग बांध, बांधावरची झाडं, त्यामागे एक टेकडी आणि त्या टेकडीवर उंच पॅगोडा, त्यामागे निळसर डोंगर. सगळं एकाच बागेत वाटतं. पण तो पॅगोडा बागेत नाहीच, तो दोनेक किलोमीटर लांब युछुआन नावाच्या दुसऱ्या टेकडीवर आहे, बागेच्या हद्दीबाहेर. त्या बाजूला उंच भिंत दिसू दिली नाही, पाणी आणि झाडांनी हद्द झाकली, आणि नजर अडली नाही. म्हणून २९० हेक्टरची बाग डोंगरापर्यंत पसरल्यासारखी दिसते.

आणि योगायोग बघा, त्या युछुआन टेकडीचे झरे म्हणजेच या तळ्याचं पाणी. दरबारात पिण्याचं पाणीही तिथलंच जायचं, रोज गाड्यांतून शहरात नेत. चियानलोंगने निरनिराळ्या झऱ्यांचं पाणी चांदीच्या भांड्यात वजन करून बघितलं होतं, जे हलकं ते चांगलं असा समज, आणि हे पाणी पहिल्या नंबरचं ठरवलं. तर जो देखावा उसना घेतला तोच पाण्याचा उगम.

दुसरी युक्ती आहे लपवण्याची. जुन्या वाड्यात देवडीतून आत गेल्या गेल्या चौक दिसत नाही, वळावं लागतं, तसंच. पूर्वेच्या दारातून आत गेलं की दरबाराचं दालन, भिंती, अंगण, सगळं चौकोनी आणि बंद. त्या दालनामागच्या दगड-झाडांतून वाट काढत वळलं की एकदम अख्खं तळं समोर येतं. पहिल्यांदा बघणारा माणूस तिथे थांबतोच.

मग टेकडीच्या पायथ्याने लांब ओसरी आहे, ७२८ मीटर, २७३ खण. तुळयांवर हजारो चित्रं, पक्षी, फुलं, जुन्या गोष्टींमधले प्रसंग, हांगचौचे देखावे. ऊन-पावसात तळ्याच्या कडेने चालता यावं म्हणून छप्पर, आणि चालताना कंटाळा येऊ नये म्हणून चित्रं. देवळातल्या ओवऱ्यांमधून प्रदक्षिणा घालतो तशी ही चालायची जागा आहे, घाईने पार करायची नाही.

टेकडीवर जो मोठा अष्टकोनी मनोरा दिसतो, बुद्धाला धूप दाखवायचा मनोरा, त्याची उंची सुमारे ४० मीटर आणि तो वीसेक मीटरच्या दगडी चौथऱ्यावर आहे. मूळ बेत नऊ मजली पॅगोड्याचा होता, आठव्या मजल्यापर्यंत बांधून झाला आणि मग सम्राटाने तो उतरवायला लावला. कारणांबद्दल वेगवेगळी मतं आहेत, पण आज नऊ मजल्यांचा सुळका तिथे कल्पून बघा, अख्ख्या टेकडीचा तोल गेला असता.

आणि सतरा कमानींचा पूल. १५० मीटर लांब, कठड्यांवर दगडाचे ५४४ छोटे सिंह. सतराच का? कुठल्याही टोकाकडून मोजा, मधली मोठी कमान नववी येते, आणि नऊ हा चिनी परंपरेत सगळ्यात मोठा, सम्राटाचा आकडा. हिवाळ्यात, डिसेंबरच्या त्या सगळ्यात लहान दिवसांच्या आसपास, मावळता सूर्य इतका खाली असतो की त्याचा उजेड कमानींच्या आत शिरतो आणि सगळ्या कमानी आतून सोनेरी होतात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, तशीच गर्दी तिथे होते, हातात कॅमेरे घेऊन, थंडीत तास न् तास.

१८६०, आणि यात आपलाही धागा आहे

आता वाईट भाग. ब्रिटिशांना चीनचा चहा हवा होता आणि त्याबदल्यात चांदी द्यावी लागत होती. ती वाचवायला त्यांनी चीनला अफू विकली आणि ती अफू भारतात पिकायची. एक बंगाल-बिहार बाजूची, ती कलकत्त्याहून जायची, आणि दुसरी माळव्याची, ती मुंबई बंदरातून. मुंबईचे अनेक व्यापारी त्यावर मोठे झाले, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनच्या कापूस आणि अफू व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्याच संपत्तीतून जे.जे. हॉस्पिटलसारखी कामं उभी राहिली. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाहीये, त्या हॉस्पिटलने लाखो लोकांना वाचवलंय. पण बीजिंगच्या या काठावर उभं राहणाऱ्या मुंबईकराला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अफूवरून पहिलं युद्ध १८३९ ते ४२, दुसरं १८५६ ते ६०. दुसऱ्याच्या शेवटी ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा बीजिंगच्या दारात आल्या, त्यात भारतातून नेलेल्या शीख-पंजाबी पलटणी आणि घोडदळही होतं. तेव्हाचा सम्राट उत्तरेला पळाला. बोलणी करायला गेलेल्या तुकडीला चिनी बाजूने कैद केलं, त्यात इंग्रज, फ्रेंच आणि भारतीय स्वारही होते, आणि त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास कैदेत हाल होऊन मेले. त्याचा सूड म्हणून ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड एल्गिन याने १८ ऑक्टोबर १८६० ला शाही बागा जाळायचा हुकूम दिला. लूट तर आधीच सुरू झाली होती. आग युआनमिंगयुआनला लागली आणि आपल्या बागेलाही.

तिथून नेलेला एक छोटा पेकिनीज कुत्रा राणी व्हिक्टोरियाला भेट दिला आणि त्याचं नाव ठेवलं लूटी. लूट हा आपला शब्द, इकडून इंग्रजीत गेलेला. आणि हुकूम देणारा एल्गिन दोन वर्षांत भारताचा व्हाइसरॉय होऊन आला, १८६३ मध्ये धरमशालेला वारला, तिथल्या देवदारांमधल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. हिमाचलला जाणारे कितीतरी मराठी लोक ती बघून येतात, त्या माणसाचा आणि बीजिंगच्या तळ्याचा संबंध मात्र तिथे कुणी सांगत नाही.

आगीत लाकडाचं सगळं गेलं आणि जे जळू शकत नव्हतं ते उरलं. टेकडीच्या माथ्यावरचं विटांचं आणि चकाकत्या फरशांचं देऊळ उरलं, त्यात लाकडी तुळईच नव्हती. पूर्ण ब्राँझमध्ये ओतलेला छोटा मंडप उरला. दगडी पूल उरले, दगडी बोटीचा तळ उरला. आणि तळं उरलं, बांध उरला, टेकडी उरली. म्हणजे बागेचा सांगाडा शाबूत होता, म्हणूनच ती परत उभी करता आली.

त्सीशी आणि आरमाराचे पैसे

पळून गेलेल्या सम्राटाच्या राण्यांमध्ये एक तरुण बाई होती, त्सीशी. १८६१ मध्ये सम्राट वारला, तिचा लहान मुलगा गादीवर आला आणि पडद्याआडून कारभार तिच्याकडे आला. मुलगा गेल्यावर तिने भाच्याला, ग्वांगशूला, गादीवर बसवलं. तो मोठा झाला तेव्हा बाईंनी आता निवृत्त व्हावं, आणि निवृत्त होऊन राहायला चांगली जागा हवी, म्हणून ही बाग दुरुस्त करायचं ठरलं. १८८८ मध्ये नवीन नाव मिळालं, यीहेयुआन, म्हातारपण शांत घालवायची बाग.

पैसे कुठून? इथे आरमार परत आलं. नौदलाचं खातं ग्वांगशूच्या वडिलांच्या हातात होतं. १८८६ मध्ये कुनमिंग तळ्यावर नौदलाची शाळा काढली, जुन्या कवायतीचा दाखला देऊन, आणि त्या आडून बागेचं काम सुरू झालं. नौदलाच्या नावाचा पैसा इकडे वळला हे नक्की. किती वळला यावर इतिहासकारांचे आकडे एकमेकांपासून खूप लांब आहेत.

१८९४ मध्ये जपानशी युद्ध झालं आणि चीनचं उत्तरेचं आरमार बुडालं. तेच त्सीशीच्या साठीचं वर्ष, बागेतला मोठा सोहळा रद्द करावा लागला. १८९५ च्या तहात तैवान गेलं आणि २० कोटी ताएल दंड बसला. ताएल म्हणजे चांदीचं वजन, साधारण ३७ ग्रॅम, हिशोब केला तर साडेसात हजार टनांच्या आसपास चांदी.

तर मग बागेमुळे चीन युद्ध हरला का? एवढं सोपं नाही. १८८८ नंतर त्या आरमाराने मोठी नवीन जहाजं घेतली नाहीत हे खरं, आणि त्याच वर्षांत जपान वेगवान जहाजं घेत होता हेही खरं. पण चीनची आरमारं वेगवेगळ्या प्रांतांची होती, एक लढत असताना दुसरी मदतीला आली नाहीत, दारूगोळा निकृष्ट, भ्रष्टाचार, वरच्या थरात एकवाक्यता नाही. पैसे वाचले असते तर आपोआप जिंकले असते असं म्हणता येत नाही. पण घराचं छप्पर गळत असताना दिवाणखान्याला रंग दिला तर लोक छप्पर कोसळल्यावर रंगाबद्दलच बोलणार, आणि चिनी लोक आजही बोलतात.

त्या रागाचं सगळ्यात मोठं निमित्त म्हणजे दगडी बोट, ३६ मीटर लांब, काठाला कायमची उभी. तळ चियानलोंगच्या काळचा, वरचा भाग त्सीशीने नव्याने केला, लाकडाचा, पण रंगवून संगमरवरासारखा, आणि बाजूला आगबोटीसारखी चाकं. जुनं चिनी वचन आहे की पाणी बोट तारतं आणि पाणीच बोट बुडवतं, पाणी म्हणजे प्रजा आणि बोट म्हणजे राजा. दगडाची बोट न बुडणारी, म्हणून राज्य स्थिर, असा मूळ अर्थ लावतात. १९१२ मध्ये छिंग घराणं संपलं, बोट अजून तिथेच आहे.

आणि ग्वांगशू? त्याने १८९८ मध्ये सुधारणा सुरू केल्या, शंभरेक दिवस चालल्या, मग त्सीशीने त्याला नजरकैदेत टाकलं. तळ्याकाठच्या त्याच्या दालनात बाजूच्या खोल्यांची वाट विटांची भिंत घालून बंद केली. ती भिंत आजही बघता येते. समोर इतकं मोकळं पाणी आणि मागे ती भिंत, मला या अख्ख्या बागेत ती जागा सगळ्यात जड वाटते.

पण हे सगळं नंतर बांधलेलंच आहे, मग जुनं काय?

१८६० नंतर १९०० मध्येही परदेशी फौजांनी नासधूस केली, १९०२ मध्ये परत दुरुस्ती झाली, मागची सूचौ गल्ली तर १९९० च्या सुमाराला पुन्हा उभी केली. मग जागतिक वारसा कसा?

आपलं लाकडी घर असतं, कोकणात म्हणा, दर काही वर्षांनी वासे बदलतात, कौलं बदलतात, जमीन सारवतात, तरी घर आजोबांचंच असतं ना, कारण चौथरा तोच, दिशा तीच, पडवी तिथेच. चीनमध्ये लाकडी बांधकामाकडे असंच बघतात. आणि इथे तर त्याहून जास्त, कारण बागेची खरी रचना इमारतींमध्ये नाहीच, ती तळं, बांध, टेकडी आणि पलीकडच्या पॅगोड्याकडे जाणारी नजर यांच्यात आहे, आणि ते सगळं १७५० च्या दशकातलं आहे. १९९८ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं तेही शाही बाग म्हणून.

१९२४ मध्ये शेवटच्या सम्राटाला राजवाड्यातून बाहेर काढल्यावर ही सार्वजनिक बाग झाली. आता पहाटे तिथे म्हातारी माणसं ताई-ची करतात, मोठ्या ब्रशने जमिनीवर पाण्याने अक्षरं काढतात, थंडीत तळं गोठलं की पोरं त्यावर स्केटिंग करतात.

जाणार असाल तर

मेट्रोची ४ नंबरची लाईन उत्तर दाराशी सोडते आणि बरेच जण तिथूनच आत शिरतात. माझं ऐकाल तर एक स्टेशन अलीकडे, शीयुआनला उतरा आणि पूर्व दाराने जा, नाहीतर तळं एकदम समोर येण्याचा तो क्षणच हातचा जाईल. ओसरीतून चालत दगडी बोटीपर्यंत, मग टेकडी चढा, आणि परत काठाने दक्षिणेला सतरा कमानींच्या पुलाकडे.

पुलाच्या अलीकडे काठावर ब्राँझचा एक बैल बसलेला आहे, खऱ्या बैलाएवढा, १७५५ चा. पूर आवरणाऱ्या यू राजाच्या जुन्या कथेत पाण्याला काबूत ठेवायला बैल ठेवायचे, म्हणून हा. पाणी बैलाच्या किती जवळ आलं यावरून पातळी कळायची, कारण बांधाच्या खालच्या अंगाला शहर आहे, सम्राटाचा राजवाडा आहे, आणि बांध फुटला तर पाणी तिकडेच जाणार. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढून निघून जातात. तुम्ही जरा त्याच्या शेजारी उभं राहून तो जिकडे बघतोय तिकडे बघा, पाण्यापलीकडे. पश्चिमेला, बांधाच्या मागे, थुआनछंग नावाचं तळं आहे, बागेला लागूनच. दक्षिणेकडचं पाणी १,२०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून २०१४ च्या डिसेंबरपासून बीजिंगला यायला लागलं, आणि त्या कालव्याचं बीजिंगमधलं शेवटचं टोक तिथे आहे.